घर आढळले नाही

कागदावरची नदी चार मिलिमीटर जाड होती. बाकीच्या रेघा पेन्सिलीच्या, पट्टीने ओढलेल्या; नदी तेवढी निळ्या पेनाने गिरवलेली. तळाशी पूल, पुलापासून नदीकाठाने निघालेली वाट, वाटेवर एक क्रूस, क्रूसाच्या उजवीकडे तीन घरं आणि तिसऱ्या घरावर बाण. कोपऱ्यात नाव: सेनोबिया युक्रा, माती परीक्षण, दुसरं वर्ष. या सगळ्यावर तिरका शिक्का होता: घर आढळले नाही.

"प्रोफे, हे दुसऱ्यांदा झालं," सेनोबिया म्हणाली. ती प्रयोगशाळेच्या टेबलापलीकडे उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

आमच्या पाल्कामायुत गल्ल्यांना नावं नाहीत, घरांना नंबर नाहीत. त्यामुळे कॉलेजच्या मेसचं मोफत कार्ड हवं असेल तर अर्जासोबत घराचा हाताने काढलेला नकाशा द्यावा लागतो. तो घेऊन विद्यार्थी कल्याण कक्षाच्या बाई न कळवता घरी जातात. कळवून गेलं तर लोक टीव्ही शेजाऱ्याकडे नेऊन ठेवतात, असं कार्यालयाचं म्हणणं. दोन भेटींत घर सापडलं नाही तर वर्षभरासाठी कार्ड रद्द.

पहिल्या वेळी कक्षाच्या खिडकीवर तिला सांगितलं होतं, नकाशा नीट काढून आण. तिने तोच नकाशा पट्टी घेऊन पुन्हा काढला. पुन्हा तोच शिक्का. तीन आठवडे ती दुपारी पिशवीतले उकडलेले मक्याचे दाणे खात होती. जिची मोजमापं मी कधी तपासत नसे, तिची दोन मोजमापं त्या आठवड्यात चुकली होती. कोचाबांबाला मावशीच्या शिलाईच्या कारखान्यात जागा होती. शनिवारच्या बसने जाते, म्हणाली.

त्या दिवशी बुधवार होता. शुक्रवारी कार्डांची यादी पक्की करणाऱ्या समितीची बैठक होती. समितीत तिघं: संचालक, कल्याण कक्षाच्या बाई आणि शिक्षकांच्या वतीने मी. सहा सत्रं मी त्या यादीवर सही करत आले होते. दर वेळी ठरवायचं की रद्द झालेले अर्ज स्वतः पाहिल्याशिवाय सही करायची नाही, आणि दर वेळी घाई असायची. दोन वर्षांपूर्वी एद्विन पोर्को नावाचा मुलगा असाच शिक्का घेऊन आला होता. पुढच्या बैठकीत बोलते, असं मी त्याला सांगितलं. पुढच्या बैठकीपर्यंत तो कॉलेजात राहिला नव्हता.

गुरुवारी मी कल्याण कक्षाच्या अरान्सिबियाबाईंकडे गेले. त्यांची खिडकी मंगळवारी आणि गुरुवारी दोन तास उघडी असते. अर्धा तास रांगेत उभी राहिले. त्या चिडल्या नाहीत, थकलेल्या होत्या. एकशे चाळीस घरं आणि नगरपालिकेची उसनी मोटारसायकल. पुलावरून नकाशात दाखवलं तसंच गेले, म्हणाल्या. दोन्ही वेळा वीटभट्टी लागली आणि कुत्री मागे लागली. मुली काहीही रेघोट्या मारून आणतात, त्याला त्या काय करणार? फेरभेट हवी असेल तर अर्ज द्यायचा, आणि अर्जासोबत घराचा नकाशा जोडायचा. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

दुपारी मी नकाशा घेऊन पुलावर गेले. उत्तर वर धरली, जशी मी वर्गात धरायला शिकवते, आणि निघाले. पंचवीस मिनिटांनी वीटभट्टी लागली. कुत्रीही होती.

परत आले तेव्हा पुलाच्या कठड्यापाशी एक म्हातारी लोकर कातत बसली होती. मी तिला कागद दाखवला. तिने चाती मांडीवर ठेवली, कागद माझ्या हातातून घेतला, उलटा फिरवला आणि दक्षिणेच्या डोंगराकडे तोंड करून धरला.

"उलटा धरलायस, बाई. डोंगर वरच्या बाजूला येतो. शिकलेली दिसतेस की."

प्रवाहाच्या उलट दिशेने बावीस मिनिटं चालले. क्रूस होता. उजवीकडे तीन घरं होती. तिसऱ्याच्या अंगणात सेनोबियाची आई बटाटे पसरत होती. नकाशात एकही चूक नव्हती.

शुक्रवारी सकाळी रद्द अर्जांची फाईल मागून घेतली. सतरा नकाशे होते. एकेक फिरवून पाहिला. चौदांमध्ये डोंगराची, म्हणजे दक्षिणेची, बाजू कागदाच्या माथ्याकडे होती, आणि ते चौदाही जण वरच्या वस्त्यांतले. मग जुनी फाईल काढली. एद्विनच्या नकाशातही डोंगराची बाजू वर होती. त्या यादीखाली माझी सही होती, नेहमीसारखी स्वच्छ.

बैठकीत मी सगळे नकाशे टेबलावर मांडले आणि सांगितलं. अरान्सिबियाबाई बराच वेळ एक कागद इकडून तिकडे फिरवत राहिल्या. "हे मला कोणी सांगितलंच नाही," त्या हळू म्हणाल्या.

संचालक ओरोपेसांनी घड्याळ पाहिलं. मुद्दा चांगला आहे, पुढच्या सत्रापासून फॉर्मवर उत्तरेचा बाण छापू, म्हणाले. मी म्हटलं, हे चौदा जण याच सत्रात उपाशी आहेत. त्यावर त्यांनी भेटींची मुदत सोमवारीच संपल्याचं सांगितलं. मुदत कोणी ठरवली, असं विचारलं. समितीने, म्हणाले. समिती म्हणजे आपण तिघंच, म्हटलं. त्यावर ते हसले.

"मग काय, प्रोफे, घरटी एकेक होकायंत्र वाटू?"

अरान्सिबियाबाई हसल्या नाहीत.

ओरोपेसांनी यादी माझ्यापुढे सरकवली, वर पेन ठेवलं. दोन सह्या झालेल्या होत्या. बारा वाजेपर्यंत कागद मुख्य कार्यालयात गेला नाही तर सोमवारी मेस उघडणार नाही. एकशे तेवीस मुलं तुमच्यामुळे उपाशी राहतील, ते शांतपणे म्हणाले. हाच हिशोब माझ्यापुढे सहा वेळा मांडला गेला होता, आणि सहाही वेळा मला तो बरोबर वाटला होता. त्यात यादीबाहेरचं कोणी मोजलेलं नसतं, एवढंच.

बारा वाजायला चाळीस मिनिटं होती. चौदा घरं दोन दिवसांत होतील, मी सोबत येते, असं मी अरान्सिबियाबाईंना सांगितलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली, पण संचालकांकडे पाहत.

"आधी सही करा," ओरोपेसा म्हणाले, "मग फिरा हवं तेवढं."

मी पेनाला टोपण लावलं.

"सोमवारी मेस बंद राहिली तर का बंद आहे ते दारात उभी राहून मी सांगेन. ही चौदा घरं पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही."