सोळा घरं उंच अक्षर

अरुंधती माझी जुनी विद्यार्थिनी. १९८२ साली ती पिंपरीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर होती. एका सोमवारी ती आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत आली आणि माझ्यापुढे आलेखाच्या कागदांचा गठ्ठा टाकून रडवेली होऊन बसली.

"सर, तुम्ही आम्हाला भूमिती शिकवलीत. आता या चौकटीत 'सु' बसवून दाखवा."

कारखान्यात कॉम्प्युटर आला होता. प्रत्येक मशीनजवळ एक पडदा बसणार आणि कामगाराला काय करायचं ते त्यावर उमटणार. इंग्रजी अक्षरं तयारच होती, मराठी अरुंधतीला घडवायची होती. मोठे साहेब, अण्णासाहेब, म्हणाले होते, "शुक्रवारी धोंडीबाला मशीनपाशी उभा करू. त्याला वाचता आलं तर मराठी, नाहीतर सगळीकडे इंग्रजी."

"धोंडीबा कोण?"

"कुरुळीचा आहे, लोखंड कापायचं लेथ मशीन चालवतो. चौथी शिकलाय, पण हात असा की इंजिनिअर बघत राहतात. इंग्रजी लागलं तर त्याला मशीनवरून काढून माल उचलायला लावतील, सर. त्याच्यासारखे चाळीस जण आहेत."

पडदा म्हणजे हिरव्या उजेडाच्या ठिपक्यांच्या रांगा. एकेका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. तो पेटतो किंवा विझलेला राहतो. तिसरं काही त्याला येत नाही. आडवे किती आणि उभे किती ठिपके आहेत, त्यावर चित्र किती बारीक काढता येईल ते ठरतं. त्याला रिझोल्यूशन म्हणतात. इथे एका अक्षराच्या वाट्याला आठ आडवे आणि आठ उभे ठिपके आले होते. इंग्रजी अक्षर त्यात ऐसपैस बसतं. आपल्या अक्षराला मात्र डोक्यावर वेलांटी-मात्रा लागतात, त्याखाली शिरोरेषा आणि पायाशी उकार. त्यांच्यासाठी सहा रांगा सोडल्या की अक्षराच्या धडाला दोनच उरतात.

मी अर्धा तास झटलो. माझा 'सु' पायाखाली आलेल्या झुरळासारखा दिसत होता.

समोर सुभद्राबाई मुलींचं भरतकाम तपासत होत्या. त्या शाळेत शिवण शिकवायच्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "दोघं मिळून त्या बिचाऱ्याचा गळा का दाबताय?"

अरुंधतीने त्यांना सगळं सांगितलं. बाईंनी दुसुतीचा तुकडा पुढे ओढला. "या कापडालाही घरंच असतात. एका घरात एक फुली. तुझ्या चौकटीखाली काय आहे?"

"पुढची ओळ."

"मग ती घे की. दोन्ही मिळून सोळा घरं उंच."

"पण बाई, पडद्यावर चोवीस ओळी मावतात. त्या बाराच राहतील!"

"राहू देत. धोंडीबाला काय पोथी वाचायचीय? तोरणावर मी 'सुस्वागतम्' भरते, पाहुण्यांची वंशावळ नाही भरत."

अरुंधती हसली. या आठवड्यात पहिल्यांदाच, असं ती म्हणाली. आठवड्याचा तर अजून सोमवारच होता.

तिने सोळा घरांत 'स' काढला आणि पुन्हा तोंड पाडलं. "गोलाई पायऱ्या-पायऱ्यांची दिसतेय."

बाईंनी कागद उचलला, पलीकडच्या भिंतीला टाचला. "आता बघ."

पायऱ्या विरघळल्या होत्या. भिंतीवर चांगला गोलसर 'स' होता.

"धोंडीबा पडद्यापासून किती लांब उभा राहतो?"

"चार-पाच फूट."

"मग तिथूनच ठरव. भरतकाम नाकाला लावून फक्त सासू बघते."

तीन दिवस शाळा सुटल्यावर बाई लाल पेन्सिलीने घरं भरत होत्या. त्या एक फुली पुसायच्या, शेजारच्या घरात घालायच्या, आणि मेल्यासारखा पडलेला 'ळ' उठून बसायचा. भरलेलं घर म्हणजे पेटलेला ठिपका, असं धरून अरुंधती रोज ती अक्षरं कॉम्प्युटरमध्ये उतरवायची. मी आयुष्यभर फळ्यावर अक्षरं काढत आलो; अक्षराला कमीत कमी किती लागतं, हे मला बाईंमुळे कळलं.

शुक्रवारी अरुंधतीने आम्हा दोघांनाही कारखान्यात नेलं. लेथपाशी धोंडीबा उभा होता, मागे हात बांधून अण्णासाहेब. अरुंधतीने बटणं दाबली. हिरवी अक्षरं उमटली: 'कूलंट सुरू करा'.

धोंडीबाने पडद्याकडे बघितलं. नुसते फडक्याला हात पुसले. अरुंधतीचा चेहरा उतरला.

मग तो वळला आणि त्याने मशीनवरची तोटी फिरवली. तापलेल्या लोखंडावर दुधासारखं पांढरं पाणी पडू लागलं.

"अहो, आधी वाचून तरी दाखवा!" अण्णासाहेब म्हणाले.

"वाचलं म्हनून तर सोडलं न्हवं, सायेब? आता तोंडानं बी सांगू व्हय?"

अण्णासाहेब एकदा त्या पाण्याकडे, एकदा पडद्याकडे बघत राहिले. मग अरुंधतीला म्हणाले, "सगळ्या पडद्यांवर हीच अक्षरं घाला."

तिने वळून सुभद्राबाईंचे दोन्ही हात धरले.

"ताई," धोंडीबा म्हणाला, "फुडचं काय ते टाका बिगीनं. काम खोळंबलंय."