आक्काची सही

“अंगठा की सही?” कारकुनाने मान वर न करता विचारले.

“सही,” आक्का म्हणाली. तिने पिशवीतून चष्मा काढून पदराने पुसला. मनमाडच्या साक्षरता वर्गात तीन महिने जाऊन ती एवढे एकच शिकली होती, आणि ते चारचौघांत करून दाखवायची संधी तिला क्वचितच मिळे. मी कागदाची कड दाबून धरली. ‘कुसाबाई’ लिहायला तिला बराच वेळ लागला. एक काना राहिला होता, तो तिने मागे येऊन दिला.

कारकुनाने शेवटचा मजकूर वाचून दाखवला. “सदर मिळकतीशी आजपासून माझा काहीएक संबंध राहिलेला नाही. हे मी राजीखुशीने लिहून देत आहे. बरोबर ना, बाई?”

“बरोबर. पण रानातल्या म्हसोबाला नारळ फोडाया येऊ ना मी?”

कारकून हसला. मीही हसलो. “आक्का, रान तुझंच हाय,” मी म्हणालो.

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. वडिलांमागे डोंगरावरचे सहा एकर माळरान आम्हा बहीणभावाच्या नावावर लागले होते. तिथे कुसळांशिवाय काही उगवत नसे, पण वारा मात्र बारा महिने. एक दिवस पवनचक्कीच्या कंपनीचा किशोर नावाचा माणूस घरी आला, कागद बघितले आणि म्हणाला, “रावजी, उताऱ्यावर बहिणीचं नाव आहे. एकतर त्यांनाही करारात घ्या, म्हणजे तीस वर्षं भाडं दोघांना निम्मं निम्मं. नाहीतर त्यांचं हक्कसोडपत्र आणा.” त्याने दोन्ही रस्ते सरळ दाखवले. मला कुणी फसवले नाही. दुसरा रस्ता माझा मी निवडला.

आक्काला मी सांगितले की विहिरीसाठी कर्ज काढायचे आहे, उताऱ्यावर दोन नावे असली की बँकवाले अडून बसतात. “मग काढ की माझं नाव,” ती म्हणाली, “भावाकडनं काय वाटा घ्यायचा?” पवनचक्कीबद्दल मी चकार शब्द काढला नाही. कचेरीतून निघाल्यावर तिला साडी घेतली. दुकानातच तिने ती अंगावर धरून बघितली आणि एवढी भारी कशाला म्हणून मलाच रागावली. मला तिच्याकडे बघवत नव्हते.

मी कसा माणूस आहे ते सांगायला हवे, नाहीतर लाज कशाची ते कळायचे नाही. एकतीस वर्षे मी ओझरच्या कारखान्यात मशीनवर काढली. सुटल्यावर गेटवर झडती असे. दोन्ही हात वर करायचे, डबा उघडून दाखवायचा. एकतीस वर्षांत माझ्या डब्यात उरलेल्या भाकरीशिवाय काही सापडले नाही. साधा एक वायसर मी घरी आणला नाही, आणि हे मी चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, जमेल तिथे ऐकवत असे. आता ऐकवत नाही.

चक्की उभी राहिली तेव्हा माझ्या बायकोने, वत्सलाने, विचारले, “आक्कांना कधी सांगणार?” मी म्हणालो, दिवाळीत. मग म्हणालो, संक्रांतीला. पुढे तिने विचारणेच सोडले.

दोन वर्षांनी मी गावात स्लॅबचे घर बांधले. वास्तुशांतीला आक्का आली. पंगतीत कुणीतरी बोलून गेले, “रावजीला पवनचक्की फळली म्हणायची.” आक्का तिथल्या तिथे त्याच्यावर उखडली. “चक्कीचं काय सांगतो? फंडाचा पैसा हाय त्यो. माझ्या भावानं कारखान्यातनं कधी खिळा आणला नाय.” मी वाढप्याच्या हातातली भाताची बादली घेतली आणि उगीच पंगतीत वाढत फिरलो. नको नको म्हणणाऱ्यांच्या पानातसुद्धा भात टाकला.

मग तिच्या लेकाला, हिरामणला, लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगा झाला. आक्काने म्हसोबाला नारळ बोलला होता. ती एसटीने आली, चहासुद्धा न घेता निघायची घाई केली. डोंगराची वाट अर्धी चढल्यावर ती दम खायला थांबली. वर चक्कीची पाती फिरत होती.

“आमचा शेजारी म्हणतो, ह्याचं भाडं मिळतं म्हणे,” ती म्हणाली. “मी म्हटलं, मिळत असतं तर भावानं मला सांगितलं असतं.”

ती माझ्याकडे बघत नव्हती, मानेवरचा घाम पुसत होती. आजूबाजूला चिटपाखरू नव्हते. सांगायला याहून बरी जागा मला मिळणार नव्हती.

“ऊन लय हाय, आक्का. चल,” मी म्हणालो.

रानाला आता तारेचे कुंपण होते. गेटवरच्या पहारेकऱ्याने मला सलाम ठोकला आणि आक्कापुढे हात आडवा धरला. “बाईंचं नाव यादीत नाय. करारात नावं हायेत तेवढ्यांनाच आत सोडायचं. काय झालं तर माझ्यावर येतं, मालक. बाईंचा काय संबंध हाय?”

पन्नास पावलांवर म्हसोबाचा शेंदरी दगड दिसत होता. ‘अर्ध्या रानाच्या मालकीण आहेत त्या,’ एवढेच मला म्हणायचे होते. पहारेकऱ्याने नसते मानले, पण आक्काने ऐकले असते. मी तोंड उघडले.

“संबंध नाय काही,” आक्काच म्हणाली. “तसं लिहून दिलंय मी कचेरीत. सही हाय माझी.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. तिने नारळ माझ्या हातात दिला. “तूच जा. बाळाच्या नावानं फोड.” मग चपला काढून तिने कुंपणाबाहेरूनच हात जोडले.

मी गेलो. पात्यांच्या घुंघुं आवाजाखाली नारळ फोडला, पाणी दगडावर ओतले. दोन्ही हातांत एकेक भकल घेऊन मी परत गेटाशी आलो आणि थांबलो. दोन्ही हात आपोआप वर गेले.

“काय हे, मालक?” पहारेकरी हसला. “तुमची कसली झडती?”

तरी मला हात खाली घेववेनात. बाहेर आक्का प्रसादासाठी पदर पुढे धरून उभी होती.