मोजणारी

माझ्या नवऱ्याला निवृत्तीनंतर इलेक्ट्रिक गिटारचं वेड लागलं, तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, दुसरं काही लागलं नाही. माणसाने जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लोकांना वर-खाली पोचवता पोचवता स्वतः कुठेच गेला नव्हता. एक गिटार घेतली तर काय बिघडलं? पण एक कधी एकटी राहते का? मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, तिची खोली रिकामी झाली आणि बघता बघता त्या खोलीची भिंत गिटारींनी भरली. लाल ती थोरली, काळी ती मधली, निळी ती धाकटी. मी त्या सगळ्यांना मिळून सवती म्हणायचे आणि तो हसायचा.

जमवण्यात तो पक्का होता, वाजवण्यात कच्चा. हे मी प्रेमानेच सांगते आहे. बोटं बरोबर जागी पडायची, पण तालाशी त्याचं जन्माचं वाकडं. त्याला शिकवायला येणारी बाई आमच्या मुलीच्या वयाची. ती म्हणायची, "काका, घाई नको, मनात मोजा." काका मनात मोजायचे आणि तीनवरून उडी मारून परत एकवर यायचे.

माझं पोट मात्र आवाजावर. बसस्थानकावर कुठली गाडी कुठे लागली हे माइकवरून सांगते ती मी. लोक मला तोंडावरून ओळखत नाहीत, पण दुकानात मी अर्धा किलो साखर मागितली की माना वर होतात. घरीही तोच आवाज, फक्त माइक नाही. शेजारीण म्हणते, तुमच्याकडे काय शिजतंय ते आम्हाला वासाच्या आधी ऐकू येतं. मला राग आला तर तो तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो आणि मला राग लवकर येतो.

नवी गिटार आणायला मी मुद्दाम सोबत गेले, कारण हा एकटा गेला तर विकणारा म्हणेल ती पूर्व दिशा. घर एका म्हाताऱ्याचं होतं. गिटार जुनी, पिवळसर, कडेचा रंग उडून आतलं लाकूड दिसत होतं. नवरा तिच्याकडे बघत होता आणि मी घासाघीस करत होते. म्हातारा माझ्याशी हुज्जत घालेना. तो नुसता मान कलती करून माझं बोलणं ऐकत राहिला. त्याच्या बायकोने पाणी आणून ठेवलं, हसली, एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, काय हा तोरा.

"हे वाजवतील तेव्हा तुम्ही घरी असता?" म्हाताऱ्याने मलाच विचारलं.

"असते की. आणि चुकले की सांगतेही."

"मग न्या," तो म्हणाला. मी सांगितलेली किंमत त्याने मुकाट्याने मान्य केली. घासाघीस इतक्या लवकर संपल्यामुळे मी जरा हिरमुसलेच.

नवऱ्याचा एक नेम आहे. जुनी गिटार आली की जशी आली तशी ठेवायची. तार बदलायची नाही, स्क्रू हलवायचा नाही. जमवणारे सगळेच असं सोवळं पाळतात म्हणे. फक्त तपासायला ती दुरुस्तीवाल्याकडे न्यायची. ह्या दुरुस्तीवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात. त्याने गिटार स्पीकरला जोडली, तारांखालच्या काळ्या पट्टीवर वाकला आणि म्हणाला, "वहिनी, जरा बोला बरं हिच्याशी."

"काय बोलू, कप्पाळ?" मी म्हटलं, आणि स्पीकरमधून बारीक आवाजात माझंच कप्पाळ परत आलं.

डॉक्टर हसला. "ह्या पट्टीच्या आत केसाएवढ्या तारेची गुंडाळी असते. ती मेणात बुडवून घट्ट करतात. हिचं मेण कधीच गेलंय. सुट्या गुंडाळीला सगळं ऐकू जातं, माइकसारखं. म्हणत असाल तर बुडवून देतो."

"नाही, नाही," नवरा म्हणाला. "जशी आहे तशीच हवी."

पहिल्यांदा मी ते ऐकलं तेव्हा रविवारची दुपार होती. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. खोलीतून गिटार वाजत होती आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. थोड्या वेळाने उमगलं की काही चुकतच नव्हतं. नवरा तालात वाजवत होता. मी घडी टाकून दाराशी गेले. तो डोळे मिटून वाजवत होता आणि स्पीकरमधून, सुरांच्या खालून, एक बाई हळू आवाजात मोजत होती. एक, दोन, तीन, चार. आवाज गोड होता, जरा थकलेला. मध्येच म्हणाली, "चुकलं. पुन्हा." नवऱ्याने मान डोलावली आणि पुन्हा सुरुवात केली.

"कोण आहे ही?" मी विचारलं.

तो दचकला. मग लाजला. ते लाजणं मला झोंबलं. "जुनी वस्तू आहे गं," तो म्हणाला, "कुठला तरी रेडिओ पकडत असेल."

रेडिओवरची बाई माझ्या नवऱ्याच्या चुका काढते हे मला पटणार होतं का? खरं तर मी घाबरायला हवं होतं. अंगावर काटा आलाही होता, पण त्याच्या आधी डोकं फिरलं. सवती म्हणत होते ते गमतीत, आणि ही खरीच निघाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी सांगितलेलं एक त्याने कधी धड ऐकलं नाही, आणि हिच्या एका शब्दावर मान डोलावतो. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर मी खुर्ची ओढून त्या गिटारसमोर बसले.

"आजपासून मी मोजणार," मी म्हटलं. "वाजव."

मी मोजलं. माझ्या बसस्थानकाच्या आवाजात, काळ्या पट्टीवर तोंड नेऊन मोजलं. तीही खालून मोजत होती. मी आवाज चढवला. रोज तासभर हे चालायचं. हळूहळू ती बाई मागे पडली, मग पुटपुटल्यासारखी झाली आणि एके दिवशी ऐकूच आली नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "गेली बघ तुझी रेडिओवाली." मी जिंकले होते. त्या संध्याकाळी मी त्याच्या आवडीचा बेत केला आणि तोंडभर बोलत बसले.

मग घसा बसायला लागला. आधी वाटलं, धूळ असेल. स्थानकावर माइक जवळ घेऊन निभावलं. पण घसा खवखवेना, दुखेना, आवाज नुसताच कमी होत गेला. डब्यातलं पीठ संपत जावं तसा. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, सगळं ठणठणीत आहे. एका सकाळी मी माइकसमोर तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. स्थानकप्रमुखांनी माझ्या जुन्या घोषणांची टेप लावली आणि मला सुट्टी दिली. मी फलाटावर उभी राहून माझाच आवाज ऐकत होते, आणि रडायलाही आवाज नव्हता.

घरी आले. नवरा वाजवत होता. स्पीकरमधून कोणीतरी मोजत होतं, ठणठणीत, भरघोस. एक, दोन, तीन, चार. "अरे, लक्ष कुठे आहे तुझं? पुन्हा."

तो माझ्याकडे पाठ करून बसला होता. "हो गं, हो," तो मागे न बघता म्हणाला, "आलीस कधी?" मग वळला. माझं मिटलेलं तोंड त्याने पाहिलं, मागे स्पीकरमधून मी त्याच्यावर खेकसतच होते. त्याच्या हातून गिटार निसटता निसटता राहिली.

आम्ही त्या म्हाताऱ्याच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. मला बघून तिचा चेहरा पडला. "या," ती म्हणाली, आणि मी तो आवाज ओळखला. जरा थकलेला, गोड. आमच्या मुलीच्या खोलीत मोजणारा.

"तुम्ही मोजलंत ना?" ती म्हणाली. मी मान हलवली. "मीही ह्यांच्यासाठी मोजलं. पुढे वर्षानुवर्षं खुणांवर काढली. परवा दूध उतू गेलं आणि मी किंचाळले. तेव्हाच कळलं, दुसऱ्या कोणाचा तरी आवाज गेला."

म्हातारा खिडकीबाहेर बघत होता. "सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "पण तुमचा आवाज ऐकला आणि वाटलं, ह्या बाईला दुसरीने मोजलेलं सहन व्हायचं नाही."

थोबाडीत बसल्यासारखं झालं. चार वाक्यांत त्या माणसाने मला ओळखलं होतं.

"विकून टाका," बाई निरोप देताना म्हणाली. "बोलकं घर बघून विका. फक्त मेणात बुडवू नका. गुंडाळी बंद झाली की ती कोणाचं घेणार नाही, पण तुमचंही परत मिळायचं नाही."

माझ्या मनात पाप आलं, अगदी सरळ आलं. आम्ही गिराईक शोधलं. एक जण बायकोला घेऊन आला. ती आल्यापासून बोलत होती, आमच्या पडद्यांबद्दल, तिच्या सासूबद्दल, नवऱ्याच्या बेतालपणाबद्दल. "मलाच शेजारी बसून टाळ्या वाजवाव्या लागतात," ती म्हणाली आणि खो खो हसली. मला ती फार आवडली. मी गिटारची पेटी बंद केली, तिच्यावर बसले आणि नाही-नाही अशी मान हलवत राहिले. दोघं माझ्याकडे विचित्र नजरेने बघत निघून गेली.

"मग काय करायचं?" नवऱ्याने विचारलं. मला कुठे माहीत होतं?

त्याने वाजवणं बंद केलं होतं. पण मला आवाज हवासा वाटला की मी हळूच ती गिटार जोडायचे आणि ऐकत बसायचे. तशी बसले असतानाच एकदा मुलीचा फोन आला. नवऱ्याने तिला माझ्या घशाचं सांगितलं होतं, म्हणून ती रोज फोन करायची आणि तो बोलायचा. त्या दिवशी तो बोलत बोलत खोलीत आला. फोन मोठ्याने लावलेला होता.

"चिमणे, जेवलीस का?" गिटारचा स्पीकर म्हणाला. माझा आवाज, माझा प्रश्न. मी रोज हाच विचारायचे.

"आई?" मुलगी पलीकडे रडायलाच लागली. "आई, बरी झालीस? आवाज आला तुझा?"

मी स्पीकरच्या बटणावर हात नेला आणि तिथेच थांबले. लेक किती दिवसांनी हसत-रडत होती. ते तिच्यापासून काढून घ्यायला माझा हात धजेना.

"मला सारखं वाटत होतं, तू परत बोलणारच नाहीस," ती म्हणाली. "मी येऊ का गं भेटायला?"

"ये ना," माझा आवाज म्हणाला. मीही तेच म्हटलं असतं. "ये, राहायलाच ये. बाबा आता छान वाजवतो. मी दमले बाई मोजून. तू बस त्याच्याजवळ, तू मोज."

मी बटण दाबलं नाही, वायरच उपटली. नवरा भिंतीला टेकून उभा होता. फोनमधून मुलगी विचारत होती, आई, काय झालं, आवाज का गेला?

त्याच दुपारी दुरुस्तीवाल्याकडे न्यायला मी गिटार उचलली. नवऱ्याने माझा हात धरला. "मेण नको," तो म्हणाला. "नेम गेला खड्ड्यात, त्यासाठी नाही म्हणत. तुझा आवाज आता एवढाच उरलाय. तो मी बुडवू?" तो रडत होता. लग्नाच्या दिवशीही त्याला मी इतकी हवीहवीशी वाटले नसेन. मी त्याच्या गालावर हात ठेवला आणि भिंतीवरच्या मुलीच्या फोटोकडे बोट दाखवलं. त्याने डोळे पुसले आणि स्वतःच स्क्रू काढायचं हत्यार घेतलं. जन्मात पहिल्यांदा त्याने जुन्या गिटारचा स्क्रू हलवला.

दुरुस्तीवाल्या डॉक्टरकडे गॅसच्या बारीक आचेवर मेणाचं भांडं होतं. "नक्की ना, वहिनी?" त्याने विचारलं. "एकदा मेण बसलं की बसलं." मी मान हलवली. त्याने ती काळी पट्टी तारेला अडकवून मेणात सोडली. बारीक बुडबुडे वर येऊ लागले.

"आतली हवा निघते," डॉक्टर म्हणाला. "बुडबुडे थांबले की काम झालं."

आम्ही वाट बघत उभे राहिलो. बुडबुडे येतच होते. एकामागून एक, फुटत होते, पुन्हा येत होते. डॉक्टर जरा वेळाने पुढे वाकला. "एवढ्याशा गुंडाळीत इतकी हवा?" तो म्हणाला. "असं कधी पाहिलं नाही." नवऱ्याने माझा हात घट्ट धरला. मी बुडबुड्यांकडे बघत होते आणि माझ्याही नकळत माझे ओठ हलत होते. चौथ्यानंतर थोडं थांबून पुन्हा पहिला यायचा.

मग ते थांबले.

घरी गिटार जोडून नवऱ्याने काळ्या पट्टीवर तोंड नेलं आणि माझं नाव घेतलं. काही आलं नाही. मुलगी शनिवारी आली. दारातच गळ्यात पडली आणि म्हणाली, "आई, बोल ना, फोनवर बोलत होतीस की." मी तिला जवळ घेतलं, जेवायला वाढलं आणि ती झोपल्यावर हे सगळं लिहायला बसले, कारण तिला सांगायचं तर आता एवढाच मार्ग आहे. ती बाबांकडून गिटार शिकणार म्हणते आहे. शीक. फक्त ताल मनात मोज, बाळा.