गणपतीला बोलावणं कसलं?

मृणालिनीबाईंनी शंभर मोदक करायचं ठरवलं, तेव्हा सुनेने, नेत्राने, कपाळाला हात लावला.

"अहो आई, कोणाला बोलावलंय आपण?"

"कोणालाच नाही."

"मग शंभर मोदक कोण खाणार?"

"येतील ते खातील."

अमेरिकेतल्या या नेपरव्हिलमध्ये असं कोणी येत नाही, हे नेत्राने त्यांना किती वेळा सांगितलं असेल. इथे माणूस शेजारच्या घरी जायचा तर आधी फोन करतो, मग मेल करतो, आणि निघताना पुन्हा फोन करतो की निघालोय. पण बाईंचं आयुष्य गेलं होतं नोवी सादमध्ये, सर्बियात. चांगली बत्तीस वर्षं. नवरा, विवेक, तिथल्या पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून गेला होता, दोन वर्षांच्या करारावर. ती दोन वर्षं काही संपलीच नाहीत. तो वारूनही चार वर्षं झाली होती, आणि मुलगा परीक्षित हट्टाला पेटला होता की आईने आता इथेच राहायचं.

राहायचं! कोणाशी बोलायचं, भिंतींशी? पाच महिने झाले, एकदाही दाराची बेल उगाच वाजली नव्हती. वाजली तर कुरिअरवाला, आणि तोही खोकं ठेवून पळणार. बारा सप्टेंबरचं परतीचं तिकीट बाईंच्या कपाटात होतं. त्यांनी मुलाला सरळ सांगून टाकलं होतं, "गणपतीला घर भरलं तर राहीन. नाही भरलं तर मी आपली माझ्या घरी जाईन. रडारड नको."

"मग निदान मेलवर ईव्हाइट तरी पाठवूया," परीक्षित म्हणाला. "मी पाच मिनिटांत करतो."

"खबरदार! स्लावाला बोलावत नाहीत. तू तिथे वाढलास, तुला मी सांगू?"

स्लावा म्हणजे सर्बियन घरातला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. प्रत्येक घराण्याचा एक संत ठरलेला, त्याच्या दिवशी घराचं दार उघडं. निमंत्रण कोणालाच नाही. येणाऱ्याने आपण होऊन लक्षात ठेवायचं नि यायचं. बोलावलंत तर उलट राग. म्हणजे काय, आठवण करून द्यावी लागली का आम्हाला? पहिल्याच वर्षी वरच्या मजल्यावरच्या योवांकाने विचारलं होतं, तुमची स्लावा कधी? आमच्यात नसते, असं सांगायची विवेकला लाज वाटली, म्हणून तो म्हणाला, गणपती. झालं! पुढच्या गणपतीला दारात अठरा माणसं उभी, आणि घरात मोदक अकरा. तेव्हापासून एक वर्ष खंड नाही. नव्याण्णव साली बाँब पडून शहरातले पूल कोसळले, तरी नदीपलीकडची मंडळी होडीने आली होती. आणि इथे रुंद रस्ते, दारात दोन-दोन गाड्या, पण ईव्हाइट आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. बाईंना हे आठवलं की नुसता संताप यायचा.

तसं त्यांनी सांगितलं होतं सगळ्यांना. जुलैच्या मराठी पिकनिकला प्रत्येकीला म्हणाल्या होत्या, "सत्तावीस ऑगस्टला, रविवारी, गणपती आहे हो आमच्याकडे." सगळ्या म्हणाल्या, "ओह, नाइस!" आणि बटाटेवड्याकडे वळल्या.

रविवार उजाडला. गणपती बसला, आरती झाली. आरतीला तिघंजण. अकरा वाजले, बारा वाजले. बाई सोफ्यावर नऊवारी नेसून ताठ बसलेल्या, डोळे खिडकीला लागलेले. एक वाजता परीक्षित म्हणाला, "आई, जेवून घे." त्या म्हणाल्या, "भूक नाही."  नेत्राने मोदकांवरचा ओला रुमाल पुन्हा नीट केला.

पावणेदोनला बेल वाजली.

दारात वेस्ना! ही किराणा दुकानात भेटलेली. महिन्यापूर्वी बाई तिथे भाजलेल्या लाल मिरच्यांच्या चटणीची, आयवारची, बाटली हातात घेऊन सर्बियनमध्ये मोठमोठ्याने त्याला नावं ठेवत होत्या. पलीकडून वेस्ना ट्रॉली सोडून धावली होती. साडीतली बाई आणि तोंडात असली अस्सल नोवी सादची भाषा! तेव्हा पत्ता देताना बाई तिला सहज बोलून गेल्या होत्या, आमची स्लावा सत्तावीसला, आणि ती पोस्ना असते बरं का. पोस्ना म्हणजे उपासाची, बिनमांसाची.

वेस्ना एकटी नव्हती. नवरा, सासू, सासरे, दोन दीर, त्यांच्या बायका आणि पोरं, अशी चौदा माणसं पाच गाड्यांतून उतरली. प्रत्येकाने सर्बियन रीतीप्रमाणे बाईंच्या गालांचे तीन-तीन मुके घेतले. मग सासऱ्यांनी अभिमानाने एक लांबलचक ट्रे पुढे केला आणि वरचा फॉइल काढला.

भाजलेला अख्खा मासा. डोळ्यांसकट.

"आई!" नेत्रा किंचाळलीच. "बाप्पासमोर मासा!"

बाईंनी जीभ चावली. सर्बियन उपासाला दूध-तूप चालत नाही, पण मासा चालतो! नोवी सादमध्ये शेजाऱ्यांना एकदा समजावून सांगितलं होतं, ते इथे सांगायचंच राहिलं. पण आलेल्या पाहुण्याचा हात कसा मागे लोटायचा?

"परीक्षित," त्या शांतपणे म्हणाल्या, "मासा गॅरेजमध्ये. बाटलीही."

बाटली प्लमच्या घरगुती दारूची होती. मासा आणि बाटली गॅरेजमध्ये गेली, मागोमाग वेस्नाचा नवरा नि दीर गेले, आणि त्यांना 'कंपनी द्यायला' परीक्षितही गेला.

इतक्यात रुचा धावत आली. समोरच्या घरातली, नागपूरची. घरातल्या टी-शर्टवर, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"काकू! तुम्ही ठीक आहात ना? इतक्या गाड्या पाहिल्या नि मला वाटलं, काहीतरी..."

"काहीतरी काय? मी मेले की काय?"

"तसं नाही, पण एवढे लोक..."

"अगं, गणपती आहे घरात!"

"पण काकू, तुमची ईव्हाइट नव्हती ना आली. मला वाटलं, फक्त फॅमिलीपुरतं आहे."

आता मात्र बाईंचा बांध फुटला. "गणपतीला बोलावणं कसलं गं? नागपूरला तुमच्या गल्लीत दहा घरचे गणपती बघायला जायचीस, तेव्हा कोण ईव्हाइट पाठवत होतं? चांगल्या घरच्या तुम्ही मुली, आणि एवढंही विसरलात? सकाळपासून मी दाराकडे बघत बसलेय!"

बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला.  रुचाने पुढे होऊन बाईंना वाकून नमस्कार केला, बाप्पाला केला आणि खिशातून सेलफोन काढला.

"मंजुषा? मृणालिनी काकूंकडे ये. आत्ता. नाही, ईव्हाइट नाहीये. काय आणू काय? काही नको आणूस, ये फक्त. आणि अनिलला फोन कर."

पाच वाजता दारापाशी पायताणांचा ढीग झाला होता. मोदक कधीच संपले होते आणि नेत्रा रव्याचा शिरा ढवळत होती. दुसरी आरती झाली तेव्हा हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वेस्नाची सासू क्रूसाची खूण करत होती, तिचा नातू झांजा बडवत होता. आरतीत पुरुषांचे आवाज तेवढे कमी होते. ते गॅरेजमध्ये 'गाडी बघायला' गेले होते. बाईंना सगळं कळत होतं. त्यांनी दुर्लक्ष केलं.

सात वाजता मंडळी निघाली. बाई दारात उभ्या राहून प्रत्येकाला सांगत होत्या, मराठी माणसाला मराठीत, सर्बियन माणसाला सर्बियनमध्ये, "पुढच्या वर्षी लवकर या हं!"

"अहो आई," नेत्रा हसत म्हणाली, "ते बाप्पाला म्हणायचं, आणि तेही उद्या."

"बाप्पाला उद्या म्हणेन. आज ह्यांना म्हणतेय."

भांड्यांचा ढीग घेऊन निघालेला परीक्षित जागच्या जागी थांबला. "पुढच्या वर्षी? आई, तुझं तिकीट बाराचं आहे."

"मग रद्द कर ते. लोकांना या म्हणायचं आणि यजमानीणच गायब? आमच्यात असलं चालत नाही."

'आमच्यात' म्हणजे नेमकं कोणाच्यात, हे विचारायला परीक्षितला सवड नव्हती. भांडी तशीच सोफ्यावर ठेवून तो विमान कंपनीचा नंबर शोधायला धावला होता.