आधी मला, मग नव्याला

मी एक जुना संगणक आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी जळकुकडा आहे. बोईसरच्या एका दुकानात सुटे भाग जोडून मला तयार केले. तारापूरच्या किनाऱ्यावर मासळीच्या शीतगृहात मी राहतो. आतली थंडी कमी झाली की भोंगा वाजवायचा, एवढेच माझे काम होते. पण सगळ्यांची मासळी त्यावर टिकून असे. मासळी विकणाऱ्या मंजुळाकाकू दसऱ्याला मला झेंडूचा हार घालत.

माझ्यावर लिनक्स चालते. त्यातले प्रोग्रॅम पॅकेज बनून येतात आणि त्यांच्या नव्या आवृत्त्या निघतच राहतात. आमची देखभाल करते रिद्धी, इथल्याच कोळीवाड्यातली. तिने माझी सगळी पॅकेजे होती त्याच आवृत्तीवर थांबवली. "छान चाललाय ना? मग याला हात लावायचा नाय," असे ती म्हणे. तेव्हा मला तो मान वाटे.

मग नवा संगणक आला. भोंगा त्याला मिळाला, हारही त्यालाच. मला पावत्या छापायला बसवले. वर त्याचे रोज लाड! आज हे अपडेट, उद्या ते अपडेट. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहीना. एवढे काय सोने लागले होते त्याला? माझा नुसता जळफळाट व्हायचा.

ऐन हंगामात रिद्धीने त्याला असेच एक मोठे अपडेट दिले. भोंग्याच्या प्रोग्रॅमचे त्या अपडेटशी जमेना आणि तो प्रोग्रॅम गुपचूप बंद पडला. पुढे एका रात्री थंडीचे यंत्र थांबले, तरी भोंगा गप्पच. सकाळी बाजाराला निघालेल्या मंजुळाकाकूंनी दार उघडले आणि किंचाळल्याच, "अगो रिद्धी, भोंगा कसा नाय वाजला? पापलेट मऊ पडलाय सगळा!"

खरे सांगू? मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बरी जिरली! रिद्धीने घाईघाईने भोंगा मला जोडला. पण शीतगृहातला तापमापक होता नवा आणि माझी पॅकेजे जुनी. मला तो ओळखताच येईना. काकूंचे निम्मे पापलेट फेकावे लागले. त्या पायरीवर बसून रडल्या, तेव्हा माझ्या उकळ्या कुठच्या कुठे गेल्या.

"काकू, चुकलं माझं," रिद्धी म्हणाली. "होडीची डागडुजी आपण पावसाळ्यात, मासेमारीच्या बंदीत करतो, ती वर ओढून. मी मात्र एकाला रोज खोललं, आणि दुसऱ्याला कधीच नाय."

तेव्हापासून मोठी अपडेट पावसाळ्याच्या बंदीत येतात. हंगामात फक्त सुरक्षेची छोटी. आणि प्रत्येक अपडेट आधी मला! नवा बसतो वाट बघत. मी असा काही फुगलो की विचारू नका.

एकदा काकूंनी विचारले, "आधी जुन्यालाच का गो?"

"तो बिघडला तर मासळी खराब होत नाय ना, काकू."

फार लागले मला ते.

परवा एका छोट्या अपडेटने मी सपशेल आडवा झालो. रिद्धीने ते नव्याला दिलेच नाही. त्याच दुपारी थंडीचे यंत्र थांबले आणि नव्याचा भोंगा असा कोकलला, की काकू जेवणाच्या ताटावरून धावत आल्या. पापलेट वाचले. रिद्धीकडून सगळे कळल्यावर काकू नव्याकडे बघून हसल्या, मग माझ्याकडे वळल्या. "याच्यामुळे वाचलो हो," म्हणत त्यांनी पदराने माझी धूळ पुसली.

मित्रांनो, तुमच्या संगणकाला अपडेटविना उपाशी ठेवू नका, आणि ऐन कामात त्याला भरवायलाही बसू नका. दसऱ्याचा हार खुशाल नव्याला घाला. पण त्याआधी माझी धूळ पुसा.