अंगठ्याचा हिशोब

प्राचार्यांनी कागद पुढे सरकवला तेव्हाच, आता डोक्याला ताप होणार, हे संख्याशास्त्राच्या बाईंनी ओळखलं. ‘विद्यार्थ्यांचा कल तंत्रज्ञानाकडे असल्याने सर्व अभ्यासक्रम नव्याने आखावेत. मुदत दोन महिने.’

“म्हणजे नेमकं काय करू, सर?”

“व्हिडिओ करा, मोबाइलवर चाचण्या घ्या. मुलं गुंतली पाहिजेत, बस्स.”

बावीस वर्षं खडूने शिकवलेल्या बाईंनी रविवारी पुस्तकांच्या ढिगाला मोबाइल टेकवला आणि सरासरीवर बोलायला सुरुवात केली. शेजारी भिंतीला भोकं पाडणं चालू होतं. पाच वेळा थांबून व्हिडिओ एकदाचा पुरा झाला, तो त्यांनी लेकीला दाखवला.

“आई, दुप्पट वेगाने बघितला गं. तरी जांभई आली.”

मोबाइलवरच्या चाचणीची तर शोभाच झाली. सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्या दिवशी आलेच नव्हते, त्या तिघांनासुद्धा! बरोबर उत्तरं आपोआप भरणारा प्रोग्रॅम कुणी लिहिला, हे विचारावंच लागलं नाही. दप्तरात कायम पक्कड घेऊन फिरणारी, म्हणून सगळे जिला ‘पक्कड’ म्हणायचे, ती मुलगी मान खाली घालून हसत होती.

बाईंनी तिला दाराबाहेर नेलं. “एवढं डोकं आहे, तर जरा बऱ्या कामाला लाव की!”

“मग बरं काम द्या ना, मॅडम. सरासरी काय, मोबाइल काढून देतो.”

समोर हजेरीच्या मशीनपाशी सफाईच्या मावशी उभ्या होत्या. अंगठा रुमालाला पुसत होत्या, पुन्हा लावत होत्या. मशीन दर वेळी नकाराचा तोच आवाज काढत होतं.

“हे नेहमीच चुकतं,” पक्कड म्हणाली.

“नेहमी म्हणजे किती?” बाई वैतागून म्हणाल्या. “कितीदा अंगठा लावल्यावर? कुणाचा? उगाच तोंडाला येईल ते बोलू नकोस, मोजून सांग.”

दुसऱ्या दिवशी पक्कड वर्गातल्या चौघांना घेऊन आली. “किती दिवस मोजायचं, मॅडम?”

त्या प्रश्नावर अख्खा तास भांडण झालं, आणि नमुना किती मोठा हवा हे बाईंना फळ्यावर वेगळं शिकवावंच लागलं नाही. पाच आठवडे मुलं पाळीपाळीने मशीनपाशी बसली. कुणी नोंदीचा प्रोग्रॅम लिहिला, कुणी त्यातल्या चुका काढल्या. विद्यार्थ्यांचे अंगठे विसात एकदा नाकारले जात होते. सफाईवाल्यांचे मात्र दहात चारदा! फिनेलच्या पाण्याने त्यांच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. कामावर असूनही मावशींच्या नावावर अकरा अर्ध्या रजा लागल्या होत्या.

“मी अभ्यासक्रम बदला म्हणालो होतो,” अहवाल चाळत प्राचार्य म्हणाले. “मशीन नव्हे.”

“हाच अभ्यासक्रम आहे, सर. आकडे तपासून घ्या, मग रागवा.”

प्राचार्यांनी ते कॉम्प्युटरच्या सरांकडून दोनदा तपासून घेतले. मग सफाईवाल्यांसाठी सहीची वही ठेवली गेली आणि मावशींच्या रजा परत मिळाल्या. मावशी वर्गाच्या दारात येऊन मुलांकडे बघून नुसत्याच हसल्या. पक्कडला कुठे बघावं कळेना.

बाईंना वाटलं, सुटले. कुठलं काय! आठवड्याने प्राचार्यांच्या कार्यालयातून चौदा रकान्यांचा तक्ता आला. व्हिडिओंची संख्या. चाचण्यांची संख्या. विद्यार्थी गुंतल्याची टक्केवारी, पुराव्यासह.

तेरा रकान्यांत त्यांनी ‘लागू नाही’ लिहिलं, चौदाव्यात अहवाल जोडला. तक्ता लाल शेऱ्यासह परत आला : ‘अपूर्ण.’

“अहो, पाच आठवडे मुलं जागची हलली नाहीत, आणखी किती गुंतवू?” बाई कारकुनावरच खेकसल्या. तो बिचारा म्हणाला, “मॅडम, मी फक्त कागद आणतो.”

बाहेर लिफ्टपाशी गलका चालला होता. लिफ्टसाठी किती थांबावं लागतं ते सकाळी मोजायचं की दुपारी, यावरून मुलं हमरीतुमरीवर आली होती. बाईंनी तक्ता टेबलाच्या खणात कोंबला आणि भांडण सोडवायला उठल्या.