शेवट न पाहिलेले पिच्चर

पिच्चर संपायला थोडा वेळ उरला की मुकुंदराव सोफ्यावरून उठत. सदरा नीट करत, खिशात किल्ल्या चाचपत आणि "चला, दुकान उघडायचं" म्हणत दाराकडे निघत. राजाजीनगरातलं ते शिंप्याचं दुकान विकून कैक वर्षं झाली होती. आता ते लेकीकडे, जे. पी. नगरात तिसऱ्या मजल्यावर राहत होते, पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या डोक्यातून बरंच काही गळून गेलं होतं. लेकीची ओळखसुद्धा अधूनमधून जायची. दुकानाची वेळ तेवढी पक्की शिल्लक होती.

लेक म्हणजे हेमावती. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेली, नवरा गेलेला, मुलगा परदेशात. धाकटा भाऊ प्रदीपकुमार सर्जापूर रोडला राहायचा आणि रविवारी फोनवरून वडिलांची काळजी करायचा.

"अक्का, तू अण्णांना पिच्चर दाखवायचं बंद कर बघू. एक दिवस लिफ्टनं खाली जातील आणि सापडायचे नाहीत."

"दाराला कुलूप असतं," हेमावती म्हणे. "आणि दुपारभर मग काय दाखवू त्यांना, भिंत?"

खरं सांगायचं तर ती स्वतःसाठीच बघत होती. लहानपणी तिनं पुष्कळ पिच्चर पाहिले, पण एकाचाही शेवट पाहिला नव्हता. दुकान दुपारी जेवणाला बंद व्हायचं तेव्हा अण्णा तिला मॅटिनीला न्यायचे. मात्र कारखान्याची पाळी सुटली की गिऱ्हाइकं यायची, आणि तेव्हा दुकान उघडं पाहिजे म्हणजे पाहिजे. म्हणून पिच्चर ऐन रंगात आला की बापलेक उठायचे. अंधारात लोकांच्या गुडघ्यांना धडकत, कन्नड शिव्या खात बाहेर पडायचे. मग दुकानापर्यंतच्या रस्त्यावर अण्णा तिला राहिलेला शेवट सांगायचे. तो त्यांनीही पाहिलेला नसतो, हे कळायला हेमावतीला बरीच वर्षं लागली.

आता टीव्हीवर जुन्या कन्नड पिच्चरचं एक चॅनल सापडलं होतं, आणि पन्नास वर्षांपूर्वीचे शेवट तिला रोज दुपारी एकेक करून भेटत होते. बहुतेकांनी तिची निराशा केली. बांधावरून भांडणारे दोन भाऊ अण्णांच्या शेवटात बांधावर फणस लावायचे आणि एकमेकांच्या पोरांना दिवाळीचे कपडे शिवायचे. पडद्यावर मात्र धाकट्यानं थोरल्याला गोळी घातली आणि सगळं आटोपल्यावर पोलीस आले. आंधळ्या गायकाला अण्णांनी डोळे आणि जरीकाठी उपरणं दिलं होतं. खऱ्या शेवटात तो नुसताच गात गात टेकडीपलीकडे गेला. देवीच्या पिच्चरमध्ये तर अण्णांची देवी भक्तिणीला खणाची चोळी शिवून द्यायची. खरी देवी हात वर करून उभी राहिली आणि तिच्यामागे एक चक्र गरगर फिरलं. अण्णांच्या शेवटांत कुणी ना कुणी कुणासाठी तरी कपडे शिवायचंच. हेमावती हे बघून एकटीच हसायची, मग दाराशी जाऊन अण्णांना परत आणून बसवायची.

एक पिच्चर मात्र या चॅनलवर लागू नये असं तिला मनापासून वाटत होतं. एका दुपारी उद्याच्या पिच्चरची झलक दाखवली, आणि तिच्या हातातला चहा तसाच राहिला. परकर-पोलक्यातली एक मुलगी हातात जेवणाचा डबा घेऊन रेल्वेचे रूळ ओलांडत होती.

हा पिच्चर पाहिला तेव्हा हेमावती नऊ वर्षांची होती. तिची आई, भागीरथीबाई, पोटाच्या दुखण्यानं इस्पितळात होती. रोज संध्याकाळी अण्णा डबा घेऊन जायचे आणि रोज तो जवळजवळ भरलेलाच परत यायचा. पोरगी घरात झुरतेय म्हणून अण्णांनी तिला एका दुपारी टॉकीजला नेलं, आणि पडद्यावर निघाली तीच गोष्ट. आई डोंगरावरच्या दवाखान्यात आणि मुलगी रोज डबा पोचवणारी. नेहमीप्रमाणे दोघं शेवटाआधी उठली. पण त्या दिवशी रस्त्यावर अण्णा काही बोलेनात. हेमावतीनं हात ओढून ओढून विचारलं, "आई येते का घरी? सांगा की." शेवटी ते म्हणाले, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सांगितलं. आई बरी होते, बसमधून उतरते, अंगावर तेच जुनं लुगडं आणि हातात रिकामा डबा.

हेमावतीनं ते खरं धरलं. रविवारी मुलांना वॉर्डात सोडत, तेव्हा सोयराबाई आत्या तिला न्यायला आली. "आई येणारच आहे घरी, मग कशाला जायचं?" असं म्हणून ती खडे खेळत बसली. तीन दिवसांनी आई गेली. त्या रविवारी आई सारखी वॉर्डाच्या दाराकडे बघत होती, हेही पुढे आत्यानंच सांगितलं. आत्याची जीभ मोठी तिखट होती. "भागीरथी तिकडं खाटेवर, आणि हा बाबा दुकानाला कुलूप घालून टॉकीजात एकटा बसला होता. माझ्या डोळ्यानं बघितलं मी," हे तर ती मरेपर्यंत सांगत राहिली. जो माणूस एका दिवसासाठी दुकान बंद ठेवत नसे, त्यानं बायको मरणाच्या दारात असताना ते बंद ठेवलं, तेही पिच्चरसाठी.

हेमावतीनं अण्णांना कधी विचारलं नाही. त्यांचं जेवणखाण, औषधपाणी, आंघोळ सगळं तिनं मायेनं केलं. पण आई वाचणार नाही हे यांना ठाऊक होतं आणि तरी यांनी आपल्याला खोटं सांगितलं, खोटं जुळवायला एक अख्खा दिवस घेतला, हा सल तिच्या मनातून कधी गेला नाही. अलीकडे तर तो जास्तच टोचे, कारण विचारायचं राहून गेलं होतं आणि आता विचारलं तरी उत्तर देणारं माणूस जागेवर नव्हतं.

झलक पाहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी टीव्ही लावू नये असं तिनं ठरवलं होतं. दुपारी मात्र रिमोट तिच्याच हातात होता. खोटं ते खोटंच, एकदा डोळ्यांनी बघून टाकू, असं तिनं स्वतःला बजावलं. मुकुंदराव शेजारी बसले होते, मांडीवर हात ठेवून, एरवीसारखेच गप्प.

पिच्चर तिला आठवत होता त्याहून साधा निघाला. माणसं हळू बोलत होती, गाणी थोडी होती, आणि ती मुलगी रडायची नाही, म्हणून बघणाऱ्याला रडू यायचं. दवाखान्याची पायरी आली, डॉक्टरनं मान हलवली. इथंच ती दोघं उठली होती. हेमावतीनं सवयीनं अण्णांच्या दंडाकडे हात नेला, पण मुकुंदराव जागचे हलले नाहीत.

ती थांबली. पडद्यावर पाऊस पडत होता, मुलगी उंबऱ्यावर बसली होती.

"अण्णा," ती हलकेच म्हणाली, "दुकान उघडायचं नाही?"

"आज बंद ठेवलंय," मुकुंदराव म्हणाले. त्यांची नजर पडद्यावरून ढळली नाही.

"का हो?"

"शेवट बघायला आलोय. काल पोरगीला घेऊन आलतो, अर्ध्यातनं उठलो. रस्ताभर विचारत होती, आई घरी येते का म्हणून. माझ्या तोंडातनं शब्द निघंना." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईकडे पाहावं तसं. "बाकीचं काय पण जुळवून सांगतो मी तिला. हे कसं जुळवून सांगू? माझी मंडळीबी इस्पितळात आहे, बाई. स्वल्प गप्प बसा, बघू द्या."

पडद्यावर एक बस येऊन थांबली. धूळ खाली बसली, आणि बसच्या दारातून एक बाई सावकाश उतरली. अंगावर तेच जुनं लुगडं. हातात डबा होता, आणि तो कसा रिकाम्यासारखा हलका झुलत होता. मुलगी उंबऱ्यावरून उठली. मग नावांच्या पाट्या सुरू झाल्या.

या शेवटात कुणी कुणासाठी कपडे शिवले नव्हते. अण्णांनी सांगितलेल्या सगळ्या शेवटांत हा एकटाच तसा होता, आणि इतक्या वर्षांत हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आत्यानं टॉकीजात पाहिलेला माणूस पिच्चर बघून मन रिझवायला गेला नव्हता. आपली बायको घरी येईल का, हे विचारायला त्याला दुसरी जागा राहिली नव्हती. तिथून जे उत्तर मिळालं ते त्यानं खरं मानलं आणि घरी येऊन जसंच्या तसं लेकीला दिलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. हेमावतीला रडू आलं, आईसाठी तर आलंच, पण शेजारी बसलेल्या या माणसासाठी पहिल्यांदाच इतकं आलं. तिनं पदरानं डोळे पुसले.

मुकुंदराव उठले. सदरा नीट करून किल्ल्या चाचपल्या. "निघतो," ते म्हणाले. "पोरगी वाट बघत असंल."

रोज ती त्यांना दाराशी अडवायची. आज तिनंच दाराचं कुलूप काढलं आणि त्यांच्या पुढे होऊन उंबऱ्याबाहेरच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. गुडघे दुखले, पण ती बसली. मुकुंदराव चपला घालून बाहेर आले, तिला बघून थबकले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हेमा, इथं बसलीस होय? ऐक, तो कालचा शेवट सांगायचा राहिला की."

ते कठड्याला धरून हळूहळू तिच्याशेजारी बसले आणि त्यांनी तो शेवट सांगितला. बस, धूळ, जुनं लुगडं, सगळं. पन्नास वर्षांपूर्वी सांगितला होता त्याच शब्दांत. तिनं त्यांचा हात हातात घेऊन तो पुरता ऐकून घेतला.

"आणि डबा, अण्णा?" तिनं विचारलं.

"रिकामा गे," मुकुंदराव म्हणाले. "सगळं जेवली होती ती."